भूगर्भातील खडक ओळखणारे यंत्र : त्यास कारण विचारावे

कर्ज काढून कूपनलिका खोदविणाऱ्या शेतकऱ्यास भूमीच्या पोटातील खडक दिसत नाही. पाणी धरलेला मांजऱ्या लागला तर मळा भिजतो. अभंग काळा पाषाण लागला तर धुराळा आणि कर्ज तेवढे उरते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा असल्याने ही विवंचना बहुतेक गावांची आहे.

खडक ओळखण्याचे काम आता संगणकासही शिकविले जाते. विवरात उपकरणे सोडून खडकाचा विद्युत् रोध, घनता व नैसर्गिक गॅमा किरणे मोजतात. तज्ज्ञांनी ओळखलेल्या थरांची मापे दाखविली, म्हणजे नव्या विवरातील थरांची नावे संगणक सांगू लागतो. नॉर्वेत २०२० साली समुद्रातील तेलविहिरींच्या नोंदींवर अशी स्पर्धा झाली. तीत बारा प्रकारचे खडक ओळखावयाचे होते व भूशास्त्रदृष्ट्या ढोबळ चुकीस अधिक दंड होता.

परंतु नुसते नाव पुरेसे नाही. ते कशावरून ठरले, हे दाखविण्यासाठी २०१७ साली 'शॅप' नावाची पद्धत पुढे आली. भागीदारांनी मिळून पिकविलेल्या मालात प्रत्येकाचा वाटा काढावा, त्याप्रमाणे ती निर्णयात प्रत्येक मापाचा वाटा काढते. वाटणीचा हा नियम लॉइड शॅप्ले यांनी १९५३ मध्येच मांडला होता.

याचा उपयोग आपल्या गावी कसा, ते पाहू. पाणी शोधताना जमिनीत चार सळ्या रोवून विद्युत् रोध मोजतात. पाणी धरलेल्या मांजऱ्यात तो कमी भरतो. पण दोन लाव्हाथरांमधील गेरूच्या तांबड्या, चिकण थरातही तो कमीच भरतो. आणि गेरू पाणी तर सोडत नाहीच, उलट भिजून विवरात ढासळतो. (तांबडा गाळ वर येताच नारळ फोडणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत!) म्हणून यंत्राने 'पाणीदार खडक' म्हटले आणि कारणांत कमी रोधाचाच वाटा मोठा निघाला, तर कार्यकर्त्याने तेथे थांबावे. शेजारच्या विहिरींत उतरून तांबडा पट्टा किती खोलीवर आहे ते पाहावे. खोलीचाच वाटा मोठा असेल, तर यंत्र आसपासच्या विहिरींचा पाठ म्हणत आहे असा संशय घ्यावा. आपल्या खडकात दोन शेतांत अंतर पडते. यंत्राचे कारण म्हणजे खडकाची साक्ष नव्हे; यंत्राने कशावर विसंबून सांगितले, एवढेच त्यावरून कळते.

शेतकरी बंधूंनी खोदाई चालू असता दर दहा फुटांवरील चुऱ्याची मूठभर पुडी बांधून तीवर खोली लिहून ठेवावी. यंत्राचा निर्णय पडताळण्यास ह्याच पुड्या उपयोगी पडतात.