टायरवरचा आकडा आणि खरी रुंदी

सायकलचा टायर बदलताना बहुतेक ग्राहक त्याच्या बाजूवर छापलेला आकडा पाहून निर्धास्त होतात. मात्र हा आकडा नाममात्र असतो. टायरची प्रत्यक्ष रुंदी त्याहून कमी-अधिक भरू शकते.

टायरवर ‘३७-६२२’ असे लिहिले असेल, तर ३७ मिलिमीटर ही रुंदी आणि ६२२ मिलिमीटर हा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास, असा ‘आयएसओ ५७७५’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे. पण तोच टायर अरुंद रिमवर चढवल्यास त्याच्या कडा जवळ येऊन रुंदी घटते आणि रुंद रिमवर तो पसरतो. रिमची आतील रुंदी ५ मिलिमीटरने वाढली, तर टायर ढोबळमानाने २ मिलिमीटरने रुंदावतो. शिवाय हवेच्या दाबाने नवा टायर हळूहळू किंचित ताणला जातो.

इंचातील मापे तर अधिकच फसवी आहेत. ‘२६ × १.७५’ आणि ‘२६ × १ ३/४’ ही मापे गणिताने सारखीच. परंतु पहिल्याचा व्यास ५५९, तर दुसऱ्याचा ५७१ मिलिमीटर असतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा टायर चालत नाही.

चिमटा किंवा मडगार्डजवळ जागा कमी असेल, तर दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानेही टायर घासतो. प्रसंगी चाक अडकून अपघात होऊ शकतो. म्हणून नवा टायर बसवल्यावर पुरेशी हवा भरावी, एक दिवसानंतर सर्वांत फुगीर भागाची रुंदी कॅलिपरने मोजावी आणि चाक फिरवून दोन्ही बाजूंना मोकळी जागा असल्याची खात्री करावी.