रविवारी राबणाऱ्यांचा रविवार
ख्रिस्ती क्रीडा व मनोरंजन केंद्रांतील सेवकवर्गाच्या आठवड्याविषयी



रविवारची पवित्र मिस्सा आटोपली की धर्मग्रामाच्या आवारात व्हॉलीबॉलची जाळी बांधली जाते, सभागृहात कॅरमच्या सोंगट्या वाजू लागतात आणि स्त्रियांची मंडळे एकत्र बसतात. हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. परंतु ती जाळी कोणी बांधली, सभागृह पहाटे कोणी झाडले, चहाचे आधण कोणी ठेवले आणि सायंकाळी सर्वजण घरी गेल्यावर कुलूप लावण्यासाठी मागे कोण थांबले, याचा विचार क्वचितच होतो. इतरांचा विसाव्याचा दिवस हा ज्यांचा सर्वाधिक कष्टाचा दिवस असतो, त्या सेवकवर्गाच्या आठवड्याची घडी कशी असते व कशी असावी, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

खेळाचे मैदान हेही प्रेषितकार्य

मनोरंजन हे धर्मकार्याच्या बाहेरचे आहे, असे ख्रिस्तसभेने कधीच मानले नाही. संत जॉन बॉस्को यांनी ८ डिसेंबर १८४१ रोजी इटलीतील ट्यूरिन येथे एका अनाथ मुलाला जवळ केले आणि त्यातून त्यांच्या ‘ओरेटरी’चा उगम झाला. घर, शाळा, प्रार्थनामंदिर आणि क्रीडांगण या चारही गोष्टी तेथे एकत्र नांदत. त्यांचे सलेशियन पुत्र १९२८ साली मुंबईत आले आणि ती परंपरा महाराष्ट्रात रुजली. प्रॉटेस्टंट बंधूंमध्ये १८४४ साली लंडन येथे स्थापन झालेल्या वाय. एम. सी. ए. या संस्थेने हेच कार्य केले. तिची मुंबई शाखा १८७५ पासूनची आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आज आपल्या खेडोपाडी खेळला जाणारा व्हॉलीबॉल १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी तयार केला आणि बास्केटबॉल १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी. दोघेही अमेरिकेत वाय. एम. सी. ए.शी निगडित असलेले शारीरिक शिक्षक होते. बास्केटबॉलची दगदग न झेपणाऱ्या प्रौढ सभासदांसाठी काहीतरी सौम्य खेळ हवा, या दैनंदिन गरजेतून व्हॉलीबॉल जन्मास आला. जो सेवक आपल्याकडे येणाऱ्या माणसांचे निरीक्षण करतो आणि ज्याला विचार करण्याइतकी उसंत असते, त्याच्या हातून असे कार्य घडते.

आठवड्याची घडी

सर्वसाधारणपणे अशा केंद्राचा आठवडा उलटा चालतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी तेथे सामसूम असते. त्या वेळी साफसफाई, हिशेब, साहित्याची डागडुजी, पुस्तकांची नोंद अशी न दिसणारी कामे होतात. दुपारनंतर शाळा सुटल्यावर मुले येतात, सायंकाळी तरुण व प्रौढ येतात. शनिवारी तयारीची लगबग असते, तर रविवार व सणाचे दिवस म्हणजे कामाचा कळस. व्यवस्थापक, क्रीडाशिक्षक, ग्रंथालय सांभाळणारी भगिनी, स्वयंपाकीण, मैदानाची निगा राखणारा आणि रात्रीचा चौकीदार या साऱ्यांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सर्वांनी तासभर एकत्र बसणे अगत्याचे ठरते. या बैठकीत प्रथम देवशब्दाचे वाचन व प्रार्थना, नंतर मागील आठवड्यातील अडचणी आणि शेवटी पुढील आठवड्याच्या पाळ्या, असा क्रम असावा. चौकीदारालाही या बैठकीत बोलण्याची संधी मिळावी. रात्री कोणती मुले घरी न जाता आवारात रेंगाळतात, हे त्यालाच ठाऊक असते.

केंद्राची घडी गावाच्या जीवनक्रमाशीही जुळली पाहिजे. आपल्या नागपूर महाधर्मप्रांतातील भंडारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसर हा धानाचा मुलूख आहे. रोवणीच्या दिवसांत माणसे चिखलातून सायंकाळी परततात. तेव्हा मैदानावर येण्याचे त्राण कोणात उरणार? दिवाळीनंतर मात्र गावोगावी मंडई भरते. दंडार, खडी गंमत आणि नाटके रात्र रात्र रंगतात. अशा भागात मुंबईच्या धर्तीवर वेळापत्रक आखून चालणार नाही. रोवणीच्या काळात सेवकांना सलग रजा द्यावी, मंडईच्या काळात पाळ्या वाढवाव्यात आणि साप्ताहिक सुट्टी शक्यतो गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी असावी, म्हणजे सेवकाला कुटुंबासमवेत तो दिवस घालविता येईल. हे शहाणपण पुस्तकातून येत नाही, ते गावालाच विचारावे लागते.

सुट्टी ही कृपा नव्हे, हक्क आहे

साप्ताहिक सुट्टी महाराष्ट्राच्या कामगाराला आयती मिळालेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर झाला. पुढे एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली व तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरूम नोवारूम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यात न्याय्य वेतनाबरोबरच रविवारच्या विश्रांतीचाही आग्रह धरलेला आहे. एकमेकांना अपरिचित असलेल्या दोन वाटा एकाच सत्यापाशी पोहोचल्या!

या सत्याचे मूळ पवित्र शास्त्रात आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना दास व दासी यांनाही धन्याप्रमाणेच विसावा मिळावा असे सांगितले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा. प्रेषित कार्यवृत्तांत सांगण्यासाठी परतले, तेव्हा प्रभू येशूने त्यांना प्रथम एकांतात जाऊन विसावा घेण्यास सांगितले (मार्क ६:३१).

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २१८७) याबाबत अत्यंत व्यवहारी आहे. खेळ, उपाहारगृहे व सार्वजनिक सेवा यांसाठी काहींना रविवारी काम करावे लागते हे तो मान्य करतो. परंतु अशा प्रत्येकाला पुरेसा विसावा मिळालाच पाहिजे, असेही बजावतो. उपासनेचा मार्गही ख्रिस्तसभेने मोकळा ठेवला आहे. कॅनन १२४८ नुसार आदल्या सायंकाळच्या मिस्सेत सहभागी झाल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. जेथे शनिवारी मिस्सा होत नाही, तेथे सेवकांना रविवारी मिस्सेच्या वेळी कामातून मोकळे करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरते. मिस्सा चालू असताना स्वयंपाकीण चुलीपाशीच राहत असेल, तर आपल्या स्नेहभोजनात काहीतरी उणे राहिले असे समजावे.

राज्याचा कायदाही याच दिशेने जातो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार आस्थापना सातही दिवस उघडी ठेवता येते. परंतु प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे, असे बंधन आहे.

‘सेवा’ या शब्दाचा आडोसा

आपल्या संस्थांमधून एक वाक्य वारंवार ऐकू येते: “ही नोकरी नाही, ही सेवा आहे.” हे वाक्य सेवकाने स्वतःविषयी उच्चारले तर ते त्याचे औदार्य होय. तेच व्यवस्थापनाने त्याला ऐकविले, तर तो अन्याय झाकण्याचा आडोसा ठरतो. कॅनन २३१ प्रापंचिक सेवकांना योग्य मोबदल्याचा व सामाजिक सुरक्षेचा हक्क देतो. कॅनन १२८६ तर मालमत्तेच्या व्यवस्थापकांना, म्हणजेच प्रामुख्याने आम्हा धर्मगुरूंना, कामगारविषयक कायदे काटेकोरपणे पाळण्याची व न्याय्य वेतन देण्याची आज्ञा करतो. स्वयंसेवक व पगारी सेवक यांतील भेद पुसला जाऊ नये. स्वयंसेवक स्वखुशीने येतो व जातो. पगारी सेवकाच्या घरची चूल त्या वेतनावर पेटते.

विश्रांतीचा प्रश्न अखेरीस मुलांपर्यंत पोहोचतो. संत जॉन बॉस्को यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन आधार होते: विवेक, धर्म आणि प्रेमळपणा. सलग चौदा दिवस राबलेल्या क्रीडाशिक्षकापाशी प्रेमळपणा कोठून येणार? तो ओरडतो, मूल हिरमुसते आणि पुढच्या आठवड्यात ते मैदानावर येत नाही. केंद्राची इमारत तशीच उभी राहते, परंतु तिचा हेतू हरपतो.

म्हणून प्रत्येक धर्मग्राम समितीने पुढील बैठकीत तीन साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. आपल्या केंद्रातील प्रत्येक सेवकाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते? गेल्या महिन्यात ती त्याला खरोखर मिळाली का? आणि प्रभूच्या दिवशी तो प्रभूच्या मेजापाशी होता का? या प्रश्नांची उत्तरे प्रथम सेवकांच्याच तोंडून ऐकावीत व मगच पुढील महिन्याच्या पाळ्या ठरवाव्यात, ही नम्र विनंती.

– संपादक