एका मोठ्या संख्येची परीक्षा

२ ही संख्या घ्या. तिचा वर्ग ४, चाराचा वर्ग १६, सोळाचा २५६ आणि त्याचा ६५,५३६. दोनापासून आरंभ करून या प्रत्येक संख्येत १ मिळविला, म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ अशी माला तयार होते. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर द फेर्मा नावाचा न्यायाधीश होऊन गेला. गणित हा त्याचा केवळ छंद. परंतु त्यातील त्याचा अधिकार थोर होता. ही माला कितीही लांबविली तरी तीत मूळ संख्याच येतील, असे त्याने १६४० मध्ये पत्राने कळविले. सिद्धता आपणांस साधलेली नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले.

मालेतील सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. ती मूळ नसेल, तर तिचा एक तरी विभाजक ६५,५३७ हून लहान असलाच पाहिजे. कारण दोन्ही अवयव त्याहून लहान नसते, तर त्यांचा गुणाकार या संख्येच्या पुढे गेला असता. पण तेवढ्या मर्यादेतही साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत. कागद आणि लेखणी घेऊन एकेकीने भाग देऊन पाहावयाचे, तर त्यास किती चिकाटी हवी!

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या लेओनार्ड ऑयलरला पत्र लिहून फेर्माच्या या विधानाविषयी विचारणा केली. ऑयलर तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. १७३२ साली त्याने दाखवून दिले की, या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७ येतो. याचा पडताळा कोणासही घेता येईल. ६७,००,४१७ ची ६०० पट ४,०२,०२,५०,२००. ४० पट २६,८०,१६,६८०. आणि एक पट तीच संख्या. या तिहींची बेरीज करून पाहा.

पुढे ऑयलरने याहून मोलाची गोष्ट सिद्ध केली. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे साडेसहा हजार भागाकारांचे काम पाचांवर आले.

फेर्माच्या मालेत त्या पहिल्या पाचांनंतर आणखी मूळ संख्या अद्याप कोणासही आढळलेली नाही. मालेतील एकविसावी संख्या लिहावयास तीन लाखांहून अधिक अंक लागतात. ती मूळ नाही, हे संगणकाच्या साहाय्याने निश्चित झाले आहे. मात्र तिचा ६४१ अजून सापडावयाचा आहे.