गृहकर्जातील बनावट कागदपत्रे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुगवलेली पगारचिठ्ठी, बनावट फॉर्म 16 किंवा फेरफार केलेला खातेउतारा जोडून गृहकर्ज घेणाऱ्यांमध्ये, आणि त्यांना तसा सल्ला देणाऱ्या दलालांमध्ये, एक समजूत इतकी घट्ट रुजली आहे की ती कितीही वेळा खोडली तरी पुन्हा डोके वर काढते : हप्ते वेळेवर भरले की कागद कोणी पाहत नाही आणि कर्ज फिटले की विषय संपतो. कायद्यात या समजुतीला आधार नाही.

फसवणुकीचा गुन्हा कर्ज थकल्यावर नव्हे, तर कर्ज मिळवताना घडतो. दरमहा 42,000 रुपये मिळवणाऱ्या अर्जदाराने 78,000 रुपयांची पगारचिठ्ठी दिली आणि बँकेने त्या आकड्यावर कर्जाची रक्कम ठरवली, तर निर्णायक क्षण तोच असतो, कारण सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केल्याप्रमाणे व्यवहाराच्या आरंभी अप्रामाणिक हेतू होता का, हाच खरा प्रश्न असतो. नंतर हप्ते भरले गेले म्हणून तो आरंभ बदलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) नुसार फसवणूक करून मालमत्ता मिळवण्यास 7 वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. फसवणुकीसाठी बनावटीकरण, म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे किंवा खऱ्यात फेरफार करणे, यास कलम 336(3) खाली तेवढीच कमाल शिक्षा आहे. आणि असा दस्तऐवज खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम 340(2) प्रमाणे तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते. कृत्य 1 जुलै 2024 पूर्वीचे असेल, तर भारतीय दंड संहितेची कलमे 420, 468 आणि 471 लागू होतात. खरेदीखतच बनावट असेल, तर प्रकरण जन्मठेपेच्या तरतुदीपर्यंत (भारतीय न्याय संहितेचे कलम 338) जाते.

बँकेशी तडजोड केली की गुन्हा मिटतो, हे याच समजुतीचे दुसरे रूप. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो, परंतु वर सांगितलेले बनावटीकरणाचे गुन्हे तसे मिटवता येत नाहीत. उच्च न्यायालयाला खटला रद्द करण्याचे स्वतंत्र अधिकार आहेत आणि ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य (2012) या निकालाने प्रामुख्याने खासगी, व्यापारी स्वरूपाच्या वादांत ते वापरण्यास वाव ठेवला, हे खरे. पण हा वाव न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे, कर्जदाराच्या हक्कावर नव्हे. बँकेने ‘येणे बाकी नाही’ असा दाखला दिल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेला बनावट दस्तऐवजांचा एक खटला महाराष्ट्र शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पुन्हा उभा केला, ही गोष्ट दलाल कधीच सांगत नाहीत. प्रकरण जुने झाले, हाही बचाव टिकत नाही, कारण 3 वर्षांहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची कालमर्यादाच नसते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 15 जुलै 2024 च्या निर्देशांनुसार बँकेने फसवणूक करणारा म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीस (त्याआधी नोटीस देऊन उत्तरासाठी किमान 21 दिवस द्यावे लागतात) रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील संस्थांकडून कर्ज घेण्यास 5 वर्षे मनाई असते, आणि ही मुदत फसवणुकीची रक्कम पूर्ण फेडल्याच्या दिवसापासून मोजली जाते. ज्या परतफेडीने सर्व मिटते असे सांगितले जाते, तिच्यापासूनच ही बंदी मोजायला सुरुवात होते.

बँकेने तपासून कर्ज दिले म्हणजे चूक बँकेची, असेही म्हटले जाते. परंतु खरे शोधून काढण्याची संधी होती, हा बचाव भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 19 मध्ये केवळ गैरनिवेदन किंवा मौन यांपुरता आहे, जाणूनबुजून केलेल्या खोट्या कथनाला तो मिळत नाही. कर्ज नामंजूर झाले, तरी कागद बनवण्याचा आणि वापरण्याचा गुन्हा तोवर घडून गेलेला असतो.

कागद एजंटाने बनवले, अर्जदाराने फक्त सही केली, हा युक्तिवाद मात्र एका प्रश्नावर अडतो : कागद बनावट असल्याचे अर्जदाराला माहीत होते का, किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे कारण होते का. स्वतःचा पगार किती हे पगारदारास ठाऊक असतेच, त्यामुळे स्वतःच्या पगारचिठ्ठीबाबत अज्ञानाचा दावा सहसा टिकत नाही. याउलट कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली. तेथे नोंदणी क्रमांक पाहून सद्भावनेने कर्ज घेतलेल्या खरेदीदारांकडे ही जाणीव नव्हती, म्हणून ते फसवणुकीचे बळी ठरतात, गुन्हेगार नव्हेत.