शिस्तीचे मूळ पाठाच्या आखणीत

‘गुरुजींचा वर्गावर वचक आहे’ ही आपल्याकडे शिक्षकाला मिळणारी मोठी पावती. शाळेच्या व्हरांड्यातून जाताना वर्ग शांत दिसला की शिक्षक चांगला आणि गलका ऐकू आला की कच्चा, असा हिशेब पालक करतात, मुख्याध्यापक करतात आणि कधीकधी तपासणीला आलेले अधिकारीही करतात. या हिशेबात एक गोष्ट निसटते. गप्प बसलेला वर्ग शिकतो आहेच असे नाही, आणि बोलणारा वर्ग बिघडलेला असतोच असेही नाही. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, बीदरच्या सीमेला लागून असलेल्या देवणीसारख्या तालुक्यातल्या शाळा डोळ्यांपुढे आणल्या, तर मुलांच्या वागण्याची बरीचशी कारणे त्यांच्या स्वभावापेक्षा तासिकेच्या आखणीत सापडतात.

याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी प्राथमिक वर्गांचे चित्रीकरण करून ते बारकाईने तपासले आणि 1970 साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. मुलाने खोडी केल्यावर चांगला शिक्षक नेमके काय करतो, हे त्यांना शोधायचे होते. पण रागावण्याच्या पद्धतीवरून वर्ग नीट चालेल की नाही, हे सांगता येईना. कोणी दरडावून बोले, कोणी समजावून. त्याने फारसे बिघडत किंवा सुधारत नव्हते. फरक होता तो खोडी होण्याच्या आधीच्या कामात. नीट चालणाऱ्या वर्गांतल्या शिक्षकांचे लक्ष चौफेर असे आणि ते मुलांना जाणवत असे. एका मुलाची वही पाहताना दुसऱ्या गटाचे काम ते थांबू देत नसत. एक काम संपवून दुसरे सुरू करताना त्यांचा वेळ वाया जात नसे, आणि मुलांना स्वतः करायला दिलेले काम रटाळ नसे.

आता ही कसोटी आपल्याकडच्या खेड्यातल्या शाळेला लावून पाहा. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोघेही हजर असले आणि प्रत्येक जण एकेक इयत्ता शिकवत असला, तरी पाचपैकी तीन इयत्तांना कोणत्याही क्षणी शिक्षकाकडून थेट शिकवणे मिळत नाही. त्या मुलांना ‘गप बसा, धडा वाचा’ एवढेच सांगितले असेल तर दहा मिनिटांत गोंधळ होणार, हे साधे गणित आहे. त्यात भाषेची भर. या पट्ट्यात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी उर्दू, तर तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी. पुस्तकातली मराठी न समजलेले पहिलीतले मूल खिडकीबाहेर बघते किंवा शेजाऱ्याला डिवचते, तेव्हा त्याला बेशिस्त म्हणणे सोपे असते. सूचना त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, हे मान्य करणे अवघड. उपाय खर्चाचे नाहीत. पहिली-दुसरी एकत्र बसवून शिकवताना वरच्या वर्गांच्या गटांना करायचे काम आधीच फळ्यावर लिहावे. सूचना छोटी द्यावी, करून दाखवावी आणि एका मुलाकडून त्याच्या शब्दांत पुन्हा वदवून घ्यावी. काम लवकर संपवणाऱ्यासाठी पुढचे काम तयार असावे. वर्गाचे नियम चार-पाचच असावेत आणि जूनमध्ये धड्यासारखे शिकवून त्यांचा सराव करून घ्यावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कायद्याने छडी काढून घेतली आणि मुले डोक्यावर बसली. शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पण त्याआधीचा काळ शिस्तीचा सुवर्णकाळ होता काय? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते. इतका मार देऊनही तो रोज द्यावाच लागत असेल, तर त्याचा गुण काय आला? अंगठे धरायला लावले की मूल त्या तासापुरते दबते. पण त्या वेळी काय करायला हवे होते, हे त्याला कळत नाही.

दुसरा आक्षेप घरचाच आहे. ‘लातूर पॅटर्न’ने कडक शिस्तीतूनच निकाल आणले, मग खालच्या वर्गांना तीच का नको? त्या पॅटर्नचा गाभा पाहिला तर तिथे वेळापत्रक, जादा तास, पुनःपुन्हा सराव परीक्षा आणि चुकांची तपासणी दिसते. म्हणजे तीही आखणीचीच करामत. शिवाय तिथला विद्यार्थी दहावी झालेला, डॉक्टर-इंजिनिअर होण्याचे ठरवून स्वतः आलेला असतो. सात वर्षांच्या मुलापुढे तसे उद्दिष्ट नसते. त्याला पुढच्या दहा मिनिटांत काय करायचे, एवढे स्पष्ट हवे असते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे यांतून शिक्षकाला आखणीला वेळ कधी मिळणार? आणि घरातल्या हिंसेने किंवा ऊसतोडीच्या स्थलांतराने विस्कटलेल्या मुलाला फळ्यावरचे काम पुरणार नाही. त्याला समुपदेशनाची आणि घराशी बोलण्याची गरज असते. पण हा युक्तिवाद आखणीच्या विरोधात जात नाही. बाकीचा वर्ग कामात गुंतलेला असेल, तरच शिक्षकाला अशा एखाद्या मुलाजवळ बसता येते. मात्र वेळेची अडचण खरी आहे, म्हणून आखणीची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकून चालणार नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन कमी करून बहुवर्ग अध्यापनाचे पाठ एकत्र बसून आखता येतील. तपासणीला येणाऱ्यांनीही ‘वर्ग शांत का नाही?’ याऐवजी ‘कोणत्या गटाच्या हाती आत्ता काय काम आहे?’ असे विचारावे. मग शिक्षकही वचक बसवण्यात घालवलेला वेळ पाठाच्या तयारीला देऊ लागेल.