गिअरची ‘कर्रर्र’ आणि गाडीखालचा माणूस

जुन्या मोटारीचा दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ असा आवाज येऊ लागला, की गिअरबॉक्स उघडण्याचा विषय निघतो. गॅरेजमधला मजुरीचा आकडा ऐकून हौशी माणसाला वाटते, हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपणच का करू नये? सुटे भाग बाजारात मिळतात, व्हिडिओही पाहायला मिळतात. काम अशक्य नाही. मात्र त्यातला खरा धोका गिअरबॉक्सच्या आत कमी आणि बाहेर जास्त असतो.

आवाज कशाचा?

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. गिअर ‘टाकणे’ म्हणजे त्यांपैकी एक चाक शाफ्टला जखडणे. हे काम शाफ्टवर सरकणारी स्लीव्ह करते. अडचण एवढीच, की जखडण्यापूर्वी दोघांची गती सारखी हवी. समजा, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचे १.३ आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना दुसऱ्यातून तिसरा टाकला, तर क्लचच्या बाजूचे फिरते भाग क्षणार्धात सुमारे २०५० फेऱ्यांवर यावे लागतात.

ही गती जुळवते ती सिंक्रोनायझर रिंग. बहुतेक गाड्यांत ती पितळेची असते. तिची आतली बाजू शंकूसारखी निमुळती असून तिच्यावर बारीक आटे असतात. रिंग चाकाच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने गती जुळते आणि मगच स्लीव्हला वाट मिळते. कॅडिलॅकने ही सोय १९२८ मध्ये मोटारीत आणली. त्याआधी चालकाला क्लच दोनदा दाबून, कानाच्या अंदाजाने गती जुळवावी लागे. रिंगचे आटे झिजले, की घर्षण कमी पडते आणि दात्यांवर दाते आपटतात. कर्रर्र होते ती इथे.

म्हणूनच ‘जास्त भारी तेल घातले की गिअर चांगला चालेल’ हा समज फसवा आहे. जीएल-४ ची शिफारस असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचे तेल घातले, तर रिंगला लागणारे घर्षण मिळेनासे होऊ शकते. काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळही झिजवतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले तेलच वापरावे.

उघडण्याआधी निदान

एकाच गिअरला आवाज येत असेल, तर त्या गिअरच्या रिंगवर संशय घ्यावा. सगळेच गिअर जड जात असतील, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही; तिथे केबल किंवा हायड्रॉलिक यंत्रणा आधी तपासावी. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारी घरघर पेडल दाबल्यावर थांबली, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग गेलेले असू शकते. उलट पेडल दाबल्यावरच आवाज आला, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे पाहावे. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही.

बॉक्स उघडलाच, तर प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने कापडावर मांडून त्याचे फोटो काढावेत. नवी-जुनी रिंग शंकूवर दाबून मधली फट फिलर गेजने मोजावी. ती पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा कमी भरली, तर रिंग बाद. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू नये. त्यासाठी प्रेस लागते. सर्कलिप आणि छोट्या स्प्रिंगा सुटताना गोळीसारख्या उडतात, त्यामुळे डोळ्यांवर गॉगल हवाच.

वजन, धूळ आणि तेल

छोट्या मोटारीचा गिअरबॉक्सही साधारण २५ ते ४० किलोंचा असतो आणि तो बहुधा गाडीखालूनच काढावा लागतो. आडवे पडून, हात ताणून तो छातीवर पेलणे म्हणजे कंबर, खांदा आणि बरगड्यांना दुखापतीचे निमंत्रण. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणे जिवावर बेतू शकते. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी टेकवायची ती सपाट, पक्क्या जमिनीवरच्या जॅक स्टँडवर. विटा किंवा ब्लॉक भाराखाली एकाएकी फुटतात. सोबतीला दुसरे माणूस असावे.

गिअरबॉक्स बाजूला होताच क्लचभोवतीची काळी धूळ दिसते. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात गेले, तर कर्करोगासारखे आजार वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढतात. ही धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या कापडाने पुसावी, कापड पिशवीत बांधून टाकावे. तोंडावरचा रुमाल हे तंतू अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक कण अडवणारा मास्क लागतो.

सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवयही मोडायला हवी. पेट्रोलच्या वाफा ठिणगीने पेट घेतात आणि त्यातले बेन्झीन रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेले आहे. जुन्या तेलाने त्वचेला दाह होतो, म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते बंद डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

ज्यांच्याकडे जॅक स्टँड, मोकळी हवा आणि मदतीला माणूस आहे, त्यांना गिअरबॉक्स घरी उतरवता येईल. बेअरिंग दाबण्याचे काम मात्र प्रेस असलेल्या वर्कशॉपकडून करून घेणे बरे. यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर मजुरीचा तो आकडा महाग नाही.