उघड्या फायलींचं आकाश

डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला नासाने चंद्राच्या दक्षिण भागाचं एक छायाचित्र प्रसिद्ध केलं. करड्या जमिनीवर हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांच्या खुणा होत्या. हिरवे ठिपके म्हणजे आपल्या चांद्रयान-२ च्या ‘विक्रम’ लँडरचे अवशेष, निळे म्हणजे त्याच्या आदळण्याने विस्कटलेली माती. आणि एका जागी होतं रोमन लिपीतलं ‘एस’ हे अक्षर. षण्मुग सुब्रमणियन या चेन्नईच्या इंजिनिअरच्या नावाचं ते आद्याक्षर. हे गृहस्थ नासात नव्हते, इस्रोतही नव्हते. नोकरी सांभाळून, घरी बसून त्यांनी त्या जागेवरचा विक्रमचा तुकडा शोधला होता.

विक्रमशी संपर्क तुटला ७ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर. चंद्रापासून तो जेमतेम २.१ किलोमीटर उंचीवर होता. त्या रात्री जागलेल्यांपैकी अनेकांना पुढचे दिवस एकच प्रश्न छळत होता : तो पडला कुठे? नासाचं ‘लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ हे यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतं आहे. १७ सप्टेंबरला ते विक्रम जिथे उतरणार होता त्या भागावरून गेलं, त्याने छायाचित्रं घेतली आणि २६ तारखेला ती सगळ्या जगासाठी वेबवर ठेवली गेली. सूर्य तिथे क्षितिजाला टेकलेला होता, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याची लांबच लांब सावली पडलेली. छायाचित्रातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे १.३ मीटर.

सुब्रमणियन यांनी त्याच जागेची जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी शेजारी उघडली आणि चौकोन चौकोन करत ते पाहत गेले. जुन्यात नसलेला एक उजळ ठिपका त्यांना नव्यात दिसला. ठिपका म्हणजे एकच पिक्सेल! त्यांनी नासाला कळवलं. नासाच्या चमूने लगेच होकार दिला नाही, आणि तेच योग्य होतं. १४ व १५ ऑक्टोबरला आणि ११ नोव्हेंबरला यानाने पुन्हा छायाचित्रं घेतली. नोव्हेंबरच्या छायाचित्रात एक पिक्सेल ०.७ मीटरचा होता. त्यात विक्रम आदळल्याची मुख्य जागा सापडली. सुब्रमणियन यांचा तुकडा तिथून सुमारे ७५० मीटर वायव्येला पडला होता.

आपल्या ऑर्बिटरने लँडरची जागा हेरली आहे, असं इस्रोने सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं. पण ते छायाचित्र तेव्हा लोकांसमोर आलं नाही. नासाचं आलं, म्हणून चेन्नईतल्या एका माणसाला शोधायला काही मिळालं. मी पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो आणि लहानपणापासून आकाशाचा वेडा आहे. या दोन गोष्टी एकमेकींना कुठे भेटतात असं कुणी विचारलं, तर मी या ‘एस’कडे बोट दाखवतो. वेबने अंतराळ संशोधनाची केलेली सर्वांत मोठी सेवा थेट प्रक्षेपणाची नाही. वेबने फाइल उघडी केली, ही ती सेवा.

खरं तर वेबचा जन्मच त्यासाठी झाला. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जो प्रस्ताव मांडला, तो वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरलेली शास्त्रज्ञांची माहिती एकमेकींशी जोडण्याचा होता. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्रज्ञान कोणतंही शुल्क न आकारता जगाला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी, जुलै १९९४ मध्ये, शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि त्या आघातांची छायाचित्रं वेबवर झळकली.

खरी गर्दी झाली १९९७ मध्ये. ४ जुलैला ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर उतरलं आणि त्यातून ‘सोजर्नर’ नावाची साडेदहा किलोची सहाचाकी गाडी बाहेर पडली. एका सर्व्हरला तो भार पेलणार नव्हता, म्हणून त्या वेबसाइटच्या प्रती जगभर ठिकठिकाणी ठेवल्या गेल्या होत्या. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू करून तेव्हा दोनच वर्षं होत होती. मी ती छायाचित्रं पुण्यातल्या एका सायबर कॅफेत पाहिली, वरून खाली एकेक ओळ उमटत. तांबूस जमीन, तिच्यावरचे दगड, आणि त्या दगडांना शास्त्रज्ञांनी दिलेली योगी, स्कूबी-डू अशी कार्टूनमधली नावं. वर्तमानपत्राच्या संपादकाने निवडलेलं एक छायाचित्र पाहणं आणि आलेली सगळी छायाचित्रं आपण हवी तशी चाळणं, यातला फरक मला त्या दिवशी कळला.

२००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाड्या मंगळावर उतरल्या, तेव्हा या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स यांच्या चमूने आणखी पुढचं पाऊल टाकलं. छायाचित्रं पृथ्वीवर पोचतील तशी, कसलीही रंगरंगोटी न करता, वेबवर टाकायची. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा त्याग होता, कारण आयुष्याची वर्षं ओतून मिळवलेली सामग्री दुसरं कुणीही आधी अभ्यासू शकलं असतं. त्यांनी तो केला. गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ यानावर तर ‘जुनोकॅम’ हा कॅमेरा मुख्यतः लोकांसाठीच बसवला आहे. गुरूच्या ढगांची आपल्याला भुरळ घालणारी अनेक छायाचित्रं हौशी मंडळींनी कच्च्या फायलींतून घडवलेली आहेत.

वेबचं तंत्र स्वतःही वर गेलं आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. ‘जेम्स वेब’ दुर्बिणीवरची निरीक्षणं एकामागून एक पार पाडणाऱ्या आज्ञा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या असतात. वेबपानावरची बटणं हलवते तीच ही भाषा. स्पेसएक्सच्या ‘क्रू ड्रॅगन’मध्ये अंतराळवीरांसमोर जे पडदे असतात, तेही क्रोमियम हा ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट यांवर चालतात. रोज हातून जाणारी अवजारं त्या दुर्बिणीवर, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर काम करताहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मात्र आपलं इंटरनेट जसंच्या तसं मंगळावर नेता येत नाही. इथे पान उघडण्यापूर्वी दोन यंत्रं ‘ऐकतोस का?’ ‘हो, बोल’ असा संवाद करतात. मंगळापर्यंत संदेश जायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात. उत्तराची वाट पाहून पाहून यंत्र हात टेकेल. त्यात ग्रह फिरतो, यान आडोशाला जातं, दुवा तुटतो. म्हणून इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांनी १९९८ पासून नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांबरोबर वेगळी पद्धत घडवायला घेतली. एसटीने पाठवलेलं पार्सल जसं पुढची गाडी लागेपर्यंत डेपोत थांबतं, तसा तिच्यात प्रत्येक मधला टप्पा माहिती स्वतःजवळ राखून ठेवतो आणि दुवा जुळला की पुढे धाडतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक २०१६ पासून ही पद्धत वापरतं आहे.

आणि ‘व्हॉएजर-१’! १९७७ मध्ये निघालेलं हे यान साधारण २२ वॉटच्या प्रक्षेपकाने सेकंदाला १६० बिट माहिती पाठवतं. दोन एमबीचं एक छायाचित्र त्या वेगाने आणायचं तर जवळजवळ २८ तास लागतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या संगणकातली एक मेमरी चिप निकामी झाली आणि निरर्थक आकडे येऊ लागले. अभियंत्यांनी तिथल्या प्रोग्रॅमचे तुकडे करून ते मेमरीत इतरत्र हलवले. आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. आम्ही वेबसाइटवाले एका पानावर किती एमबी उधळतो ते आठवलं, की मला या माणसांपुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं.

आता आपल्याकडे पाहू. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक होते. या लोकांना पाहण्यासारखं पुढेही पुष्कळ आहे. बंगळुरूजवळ ब्यालालू इथल्या इस्रोच्या केंद्रातून ‘प्रदान’ नावाच्या पोर्टलवर चांद्रयान-२ ची सामग्री मिळते. तिच्यात पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपणाऱ्या कॅमेऱ्याची छायाचित्रंही आहेत. नावनोंदणी केली की कुणालाही ती उतरवून घेता येते. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या सर्वेक्षणातल्या चित्रांमधून वेगळ्या आकाशगंगा हुडकायला विद्यार्थ्यांना आणि हौशी अभ्यासकांना शिकवणारा ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केला.

माझी इस्रोला एकच विनंती आहे. यापुढच्या मोहिमांत छायाचित्रं येतील त्या दिवशी, आहेत तशी, लोकांना द्या. अपयशाच्या दिवशीही द्या; किंबहुना त्या दिवशी आधी द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरात बारावीतली किंवा कॉलेजातली मुलं असतील, तर या सुट्टीत त्यांना ‘प्रदान’वर खातं उघडून द्या आणि चंद्राची एक तरी फाइल त्यांच्याबरोबर बसून पाहा.